कर्ज, पाऊस आणि जोखीम : डॉ. श्रीजित मिश्रा यांच्या संशोधनाची चिकित्सा (यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

१. प्रास्ताविक

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डॉ. श्रीजित मिश्रा यांनी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयीचा आपला अहवाल जानेवारी २००६ मध्ये राज्य शासनाला सादर केला. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात या संशोधनाचा गाभा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी मार्च २००५ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. मीता राजीवलोचन आणि एम. राजीवलोचन यांचा याच विषयावरील अभ्यास २००६ मध्येच पुण्याच्या ‘यशदा’ने प्रसिद्ध केला. थोड्याच अवधीत एका विषयावर इतके अभ्यास व्हावेत, यावरून त्या काळातील परिस्थितीचे गांभीर्य लक्षात येते. या अभ्यासांतील चर्चेत पश्चिम विदर्भ केंद्रस्थानी होता आणि पश्चिम विदर्भात यवतमाळ जिल्ह्याचे नाव अग्रभागी होते.

मिश्रा यांचे संशोधन सामान्यतः शेतकरी आत्महत्यांविषयीच्या अभ्याससाहित्यात गणले जाते. तथापि त्याची सारी मांडणी ‘जोखीम’ या संकल्पनेवर उभी आहे. उत्पादनाची जोखीम, बाजारभावाची जोखीम, पतपुरवठ्याची जोखीम आणि निविष्ठांच्या दर्जाची जोखीम या सर्व एकाच कोरडवाहू कुटुंबावर एकाच हंगामात येतात, हे त्यांच्या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. हवामान बदल आणि आपत्ती-व्यवस्थापन या विषयांच्या अभ्यासकांनी या संशोधनाकडे अभावानेच पाहिले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे हवामान-जोखमीच्या दृष्टीने पुनर्वाचन केले आहे. मिश्रा यांच्या मांडणीने पुढील दोन दशकांतील यवतमाळच्या अनुभवाचे कितपत आकलन होते आणि तिच्या चौकटीबाहेर कोण राहिले, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

२. संशोधनाची पद्धती व तिचे वेगळेपण

मिश्रा यांच्या संशोधनाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आणि जनगणनेतील शेतकऱ्यांची संख्या यांची सांगड घालून दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे प्रमाण काढले आहे. केवळ मृत्यूंची संख्या मोजली, तर ज्या जिल्ह्यात शेतकरी अधिक तेथे आत्महत्याही अधिक दिसणार. त्यामुळे प्रमाण काढणे ही प्राथमिक शास्त्रीय गरज होती. १९९५ ते २००४ या दशकात राज्यातील पुरुष शेतकऱ्यांमधील हे प्रमाण तिपटीहून अधिक वाढले, असा निष्कर्ष त्यातून निघाला. या आकड्याने ‘आत्महत्या सर्वच व्यवसायांत होतात’ हा तत्कालीन युक्तिवाद निकालात काढला.

दुसरा भाग क्षेत्रीय पाहणीचा आहे. पश्चिम विदर्भातील आत्महत्या झालेल्या १११ कुटुंबांची माहिती मिश्रा यांनी संकलित केली. अमरावती विभागातील पाच जिल्हे आणि वर्धा हा या प्रदेशाचा विस्तार होय. या पाहणीचे महत्त्व तिच्या तुलनात्मक रचनेत आहे. त्याच परिसरातील, परंतु आत्महत्या न झालेल्या शंभराहून अधिक कुटुंबांचीही त्यांनी पाहणी केली. वैद्यकशास्त्रात रोगी आणि निरोगी व्यक्तींची तुलना करून रोगाचे धोके शोधण्याची पद्धत रूढ आहे. तीच येथे ग्रामीण अर्थशास्त्रात वापरली गेली. ज्या घरात मृत्यू झाला त्याच घराला कारण विचारले, तर मिळणारे उत्तर दुःखाने आणि नंतरच्या शासकीय चौकशीने घडवलेले असते. शेजारच्या घराशी तुलना केल्याने या दोषाला काही प्रमाणात आळा बसतो.

मिश्रा यांनी आणखी एक दक्षता घेतली. त्यांनी ‘कारण’ आणि ‘जोखीम-घटक’ यांत भेद केला. व्यक्तीच्या अंतर्गत प्रवृत्तीशी निगडित घटक वेगळे आणि बाह्य सामाजिक-आर्थिक घटक वेगळे, हे त्यांनी प्रारंभीच स्पष्ट केले. एका माणसाने एका विशिष्ट दिवशी तो निर्णय का घेतला, याचे उत्तर अर्थशास्त्र देऊ शकत नाही. मात्र कोणत्या प्रकारच्या कुटुंबांत ही शक्यता वाढते, हे ते सांगू शकते. ही मर्यादा त्यांनी स्वतःहून स्वीकारली, हे त्यांच्या संशोधनाचे बलस्थान मानले पाहिजे.

३. एका आकड्याचा प्रवास

या पाहणीतील एक आकडा सर्वतोमुखी झाला. आत्महत्या झालेल्या कुटुंबांपैकी ८६.५ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती. वृत्तपत्रे, विधिमंडळातील चर्चा आणि शासकीय टिपणे यांतून हाच आकडा फिरत राहिला. त्याच तक्त्यातील पुढील आकड्यांना तेवढी प्रसिद्धी लाभली नाही. ७३.९ टक्के कुटुंबांची आर्थिक स्थिती खालावली होती, ५५ टक्के कुटुंबांत कलह होता आणि ४०.५ टक्के कुटुंबांना नापिकीचा फटका बसला होता. या टक्केवारीची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, याचाच अर्थ असा की बहुतेक घरांत अनेक घटक एकत्र नांदत होते. घरातील कलह हा कर्जाहून स्वतंत्र घटक आहे की कर्जाचाच परिणाम, हे तक्त्यावरून सांगता येत नाही. तसेच आर्थिक स्थिती खालावणे हे नापिकीचे फलित आहे की कर्जाचे, हेही सांगता येत नाही.

कोरडवाहू विदर्भात हंगामाला कर्ज काढणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. बियाणे, खत आणि फवारणी यांसाठी जूनमध्ये घेतलेला पैसा दिवाळीनंतर कापूस विकून फेडायचा, हा येथील शेतीचा नेहमीचा क्रम आहे. म्हणून केवळ ८६.५ टक्के कर्जबाजारी होते, या विधानातून फारसे निष्पन्न होत नाही. आत्महत्या न झालेल्या शेजारच्या घरांच्या तुलनेत या घरांवर कर्जाचा बोजा अधिक होता, बैलांसारखी मालमत्ता कमी होती आणि कुटुंबाचा आकार मोठा होता, हा संशोधनाचा खरा निष्कर्ष आहे. बैल हा येथे कळीचा घटक ठरतो. पाऊस पडल्यावर पेरणीची वेळ अवघ्या काही दिवसांची असते. ज्याच्या दावणीला बैल नाही, त्याची पेरणी दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. शिवाय वाईट वर्षी विकण्यासाठी बैलजोडी हाच हाताशी असलेला साठा असतो. अर्थात बैल हे आपत्तीतून सावरण्याच्या क्षमतेचे मोजमाप होते. मिश्रा यांनी ही शब्दयोजना केली नसली, तरी त्यांच्या तुलनेतून तीच गोष्ट पुढे येते.

या दृष्टीने पाहता कर्जाकडे जोखमीची नोंद म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. एका वर्षी पाऊस दगा देतो, दुसऱ्या वर्षी भाव पडतो, तिसऱ्या वर्षी बियाणे उगवत नाही. या प्रत्येक वर्षीची तूट पुढील वर्षीच्या कर्जात जमा होते. कर्जाचा आकडा हा अशा अनेक हंगामांची बेरीज असतो. धोरणकर्त्यांनी बेरीज तेवढी वाचली आणि तिच्यातील हप्ते वाचले नाहीत.

४. ‘नापिकी’ या शब्दाच्या आत

मिश्रा यांच्या मांडणीची पहिली मर्यादा येथेच आढळते. त्यांच्या तक्त्यात ‘नापिकी’ हा एकच घटक आहे. पावसाचा खंड, अतिवृष्टी, नदीचा पूर, कीड आणि निकृष्ट बियाणे यांपैकी कशामुळे पीक गेले, याचा उलगडा या एका शब्दातून होत नाही. २००६ मधील वाचकाला हे फारसे खटकले नसावे. आज मात्र हा भेद निर्णायक आहे.

यवतमाळ जिल्हा अल्पपर्जन्याचा प्रदेश नाही. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान नऊशे मिलिमीटरच्या घरात आहे. मराठवाड्याच्या अथवा पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांशी तुलना करता ते पुष्कळच म्हटले पाहिजे. दक्षिणेकडून पैनगंगा आणि पूर्वेकडून वर्धा या नद्या जिल्ह्याची सीमा आखतात. इसापूर, पूस, अरुणावती आणि बेंबळा ही धरणे असूनही बहुतांश कापूस पावसावरच पिकतो. नदीकाठची जमीन खोल काळी असली, तरी चढउतारावरील जमिनी हलक्या आणि उथळ आहेत. अशा जमिनीत दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला, तर हंगामाच्या एकूण पावसाचा आकडा उत्तम असूनही पीक हातचे जाते. म्हणूनच सरासरीची भाषा या जिल्ह्यात दिशाभूल करते.

विशेष म्हणजे ज्या वर्षी मिश्रा यांचा अहवाल आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या दैनंदिन पर्जन्यनोंदींवरून त्यांनी दाखवून दिले, की अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत, मध्यम पावसाच्या घटना घटत आहेत आणि हंगामाची सरासरी मात्र जवळपास स्थिर आहे. त्यांनी अभ्यासलेल्या पट्ट्यात विदर्भही येतो. पुढे २०१७ मध्ये याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे मांडले. शेतकऱ्याला हवा असतो तो मध्यम, मुरणारा पाऊस. घटत होता तो नेमका हाच.

ही दोन संशोधने स्वतंत्रपणे झाली. एकाने घरांची पाहणी केली, दुसऱ्याने पावसाची. दोन्हींचा प्रदेश एकमेकांत मिसळलेला होता आणि प्रसिद्धीचे वर्षही एकच होते. तरीही अर्थशास्त्राच्या तक्त्यातील ‘नापिकी’ आणि हवामानशास्त्राच्या आलेखातील ‘अतिवृष्टी’ यांची भेट झाली नाही. हा दोष एका संशोधकाचा नसून ज्ञानशाखांच्या विभागणीचा आहे. तथापि त्याचा परिणाम असा झाला, की आत्महत्यांची चर्चा दीर्घकाळ कर्ज आणि भाव यांच्या भोवतीच फिरत राहिली आणि हवामान हे ‘निसर्गाची लहर’ या सदरात पडून राहिले.

२०२३ च्या हंगामाने या त्रुटीचे गांभीर्य दाखवून दिले. त्या वर्षी २२ जुलैच्या सुमारास झालेल्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अनेक लोक पुराच्या पाण्यात अडकले आणि त्यांच्या सुटकेसाठी वायुसेनेची मदत मागवावी लागली. त्याच हंगामातील ऑगस्ट महिना मात्र देशाच्या पातळीवर १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एकाच पिकाने आधी पाणी साचल्याचा आणि मग ओल तुटल्याचा असे दोन्ही आघात सोसले. अशा वर्षी हंगामाची सरासरी काढली, तर पूर आणि खंड एकमेकांना झाकून टाकतात.

५. सन २०१७ : मांडणीची कसोटी

एखाद्या संशोधनाची कसोटी त्यानंतरच्या घटनांत लागते. या दृष्टीने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे झालेल्या विषबाधेचा विचार करावा लागतो. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले आणि त्यांपैकी वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. बाधितांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली झाडे, एकापेक्षा अधिक औषधांचे मिश्रण, अधिक दाबाचे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे त्यावेळी चर्चिली गेली.

मिश्रा यांनी २००६-०७ च्या लेखनात एक सूत्र मांडले होते, त्याची येथे आठवण होते. शासकीय कृषी विस्तार यंत्रणा मागे हटल्यानंतर शेतकऱ्याला सल्ला देण्याचे काम निविष्ठा विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले. जो विकतो तोच सल्ला देतो आणि पुष्कळदा तोच उधारीही देतो. परिणामी मागणी शेतकऱ्याच्या गरजेतून न येता पुरवठादाराकडून निर्माण केली जाते. हे सूत्र मांडले गेले तेव्हा बीटी कापूस देशात येऊन (२००२) जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढील दशकात गुलाबी बोंडअळीने बीटीच्या दोन्ही पिढ्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आणि फवारण्या पुन्हा वाढल्या. कोणते औषध, किती आणि कशात मिसळावे, हे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठरू लागले. २०१७ च्या घटनेचे जे स्पष्टीकरण अनेकांना नंतर सुचले, त्याचा आराखडा मिश्रा यांच्या लेखनात दशकभर आधीच होता. ही त्यांच्या मांडणीची मोठीच सिद्धी होय.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये बीटी कापसाच्या दीर्घकालीन परिणामांचा आढावा घेतला. कीटकनाशकांवरील खर्च पुन्हा वाढल्याचे त्यांनी दाखवले. क्रांती यांनी इतरत्रही सातत्याने प्रतिपादन केले आहे, की दीर्घ मुदतीची संकरित वाणे कोरडवाहू, उथळ जमिनीस अनुरूप नाहीत. बोंडे भरण्याच्या ऐन काळात पाऊस संपलेला असतो आणि पीक जितके अधिक काळ उभे, तितकी बोंडअळीला अधिक संधी मिळते. हा धागा मिश्रा यांच्या मांडणीला जोडला, तर असे दिसते, की हवामानाची जोखीम ही केवळ आकाशातून येत नाही. वाणाच्या निवडीतून ती शेतात पेरली जाते. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीने २०१४ च्या अहवालात जोखीम ही संकट, त्याच्या टप्प्यात असणे आणि असुरक्षितता या तिन्हींच्या संयोगातून निर्माण होते, असे म्हटले. यवतमाळच्या कापसात हे तिन्ही घटक एकाच शेतात सापडतात.

परंतु २०१७ ची घटना मिश्रा यांच्या चौकटीची दुसरी मर्यादाही उघड करते. त्या घटनेतील बाधितांमध्ये रोजंदारीने फवारणी करणारे मजूर मोठ्या संख्येने होते. जोखीम शेतमालकाची, पण शरीर मजुराचे, असे जोखमीचे हस्तांतर तेथे घडले. मिश्रा यांच्या पाहणीचे एकक शेतकरी कुटुंब हे आहे आणि दर लाखाचे प्रमाण पुरुष शेतकऱ्यांचे आहे. मक्त्याने शेती करणारा, सालगडी, केळापूर आणि झरी जामणी भागातील कोलाम कुटुंबे, तांड्यावरील भूमिहीन बंजारा मजूर, तसेच शेतात राबूनही सरकारी नोंदीत ‘गृहिणी’ राहणारी स्त्री यांच्या वाट्याची जोखीम या एककात मावत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतमजुरांची स्वतंत्र नोंद २०१४ च्या आकडेवारीपासून सुरू केली. त्यामुळे २००६ मधील संशोधकाला ही माहिती सहज उपलब्ध नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरीही क्षेत्रीय पाहणीत प्रश्नावली संशोधकाच्या हाती असते, हे विसरता येत नाही.

६. धोरणाने काय घेतले आणि काय सोडले

संशोधनाचे मूल्यमापन करताना त्याच्या वापराचाही विचार करावा लागतो. डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांचे आणि जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदत-पॅकेज जाहीर केले. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. तिच्यात पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. सिंचित प्रदेशात दोन हेक्टर आणि कोरडवाहू यवतमाळमध्ये दोन हेक्टर यांची तुलना होऊ शकत नाही. येथे सात-आठ एकरांचा धनीही एका खंडाने कोलमडतो. परंतु मर्यादेच्या वर असल्याने त्याला आधी स्वतःच्या वाट्याची रक्कम भरल्यावरच सवलत मिळणार होती. शिवाय माफी संस्थात्मक कर्जाची होती. सावकाराची आणि दुकानाची उधारी तिच्याबाहेर राहिली. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने पुन्हा कर्जमाफी केली. जोखमीची नोंद पुसली गेली, पण जोखीम जागेवरच राहिली. म्हणून नोंद पुन्हा पुन्हा करावी लागली.

आत्महत्याग्रस्त कुटुंबांना एक लाख रुपयांची मदत देण्याची पद्धत या विसंगतीचे ठळक उदाहरण आहे. मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे जिल्हास्तरीय समिती ठरवते. कुटुंबाच्या नावे सातबारा आहे काय, बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते काय, नापिकीमुळे ते थकले होते काय, हे प्रश्न विचारले जातात. मिश्रा यांचे संशोधन अनेक घटकांच्या एकत्रित परिणामावर बोट ठेवते, तर शासनाचा अर्ज एकाच साखळीचा पुरावा मागतो. ज्या घरात मक्त्याची जमीन आणि दुकानाची उधारी आहे, ते घर संशोधनाच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीचे, तर अर्जाच्या दृष्टीने अपात्र ठरते. संशोधन आणि प्रशासन यांच्यातील हे अंतर मिश्रा यांच्या अहवालाने कमी केले नाही. कारण जोखीम-घटक ओळखण्यापलीकडे जाऊन त्यांची नोंद प्रशासनाने कशी करावी, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत पुरेसा विस्तारला नाही.

आपत्तीच्या शासकीय व्याख्याही अशाच अडसराच्या ठरतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी मानली जाते. दहा दिवस थोडा थोडा पाऊस होऊन पीक कुजले, तर ते या व्याख्येत बसत नव्हते. सततच्या पावसाला आपत्ती मानण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. पीकनुकसानीची किमान मर्यादा २०१५ मध्ये पन्नास टक्क्यांवरून तेहतीस टक्क्यांवर आणली गेली. हे बदल स्वागतार्ह आहेत. परंतु यांतील प्रत्येक निकष एकेका घटनेचे मोजमाप करतो. लागोपाठच्या हंगामांतील लहान तुटींची बेरीज मोजणारा निकष अद्याप नाही, आणि मिश्रा यांच्या तक्त्यातील घरे अशा बेरजेनेच खचलेली दिसतात.

२०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हा हवामान-अनुकूल शेतीचा राज्यातील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणता येईल. त्याच्या पहिल्या टप्प्यातील पंधरा जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून आराखडा करणे हे त्याचे वैशिष्ट्य मानले पाहिजे. येथे प्रथमच पाऊस आणि शेतकऱ्याचे अर्थकारण एका कागदावर आले. मात्र वैयक्तिक लाभाच्या बाबींत शेतकऱ्याने आधी खर्च करायचा आणि काम झाल्यावर अनुदान खात्यात जमा व्हायचे, अशी पद्धत होती. ज्याची पत संपली आहे, तो आधीचा खर्च कोठून करणार? मिश्रा यांनी वीस वर्षांपूर्वी दाखवलेली पतपुरवठ्याची जोखीम हवामान-अनुकूलनाच्या दारातही अशी आडवी येते.

७. निष्कर्ष

डॉ. मिश्रा यांच्या संशोधनाने शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न वैयक्तिक दुबळेपणाच्या चर्चेतून बाहेर काढला आणि तो जोखमीच्या सामाजिक वाटपाचा प्रश्न म्हणून मांडला. तुलनात्मक पद्धती, कारण आणि जोखीम-घटक यांतील भेद आणि निविष्ठा-विक्रेत्याच्या सल्ल्याचे विश्लेषण हे त्याचे टिकाऊ भाग आहेत. २०१७ च्या घटनेने त्यांची यथार्थता सिद्ध केली. ‘नापिकी’ची फोड न करणे, एका वेळच्या पाहणीवर विसंबणे आणि जमीनधारक पुरुष शेतकऱ्याच्या कुटुंबालाच एकक मानणे या त्याच्या मर्यादा होत. यांपैकी पहिल्या दोन मर्यादांमुळे पाऊस अदृश्य राहिला आणि तिसरीमुळे माणसे.

या मर्यादा दूर करणे आज अशक्य नाही. कृषी विभागाकडे महसूल मंडळनिहाय दैनंदिन पर्जन्यनोंदी उपलब्ध आहेत. २००६ मध्ये ही सोय संशोधकांना आजच्याइतकी सुलभ नव्हती. एखाद्या मंडळातील पाच-सात हंगामांच्या या नोंदी आणि त्याच मंडळातील कुटुंबांच्या कर्जाचे वर्षवार हप्ते शेजारी शेजारी ठेवले, तर कोणत्या खंडाने किती कर्ज वाढवले, हे सांगता येईल. अशा पाहणीत मक्तेदार शेतकरी, सालगडी, फवारणी करणारा मजूर आणि नावावर जमीन नसलेली शेतकरी स्त्री यांची स्वतंत्र नोंद असली पाहिजे. जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांचे हवामान आणि जमीन सारखी नाही. उमरखेड-महागावकडील पैनगंगेचा काठ, राळेगाव-मारेगावकडील कापसाचा पट्टा आणि पुसद-दिग्रसकडील चढाच्या जमिनी यांचे प्रश्न वेगळे आहेत. ही कामे मुंबई-पुण्याच्या संस्थांनी करावीत म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन एका महसूल मंडळापासून प्रारंभ केला, तरी २००६ मध्ये अर्धवट राहिलेला तक्ता पूर्ण करण्याच्या दिशेने ते पहिले पाऊल ठरेल.